प्रत्यक्ष ताबा

फोन आला तेव्हा तारामतीचे हात कोपरापर्यंत सिमेंटात होते. तिच्याकडं मजुरीला असलेल्या नागम्मानं लुगड्याला बोट पुसून फोनचं हिरवं बटण दाबलं आणि तो तिच्या कानाला धरला. पलीकडचा माणूस घाईत होता. गुरुवारी अकरा वाजता तपासणी. अर्जदार बाई जागेवर हजर पाहिजेत. जागेचे कागद तयार ठेवा.

"हाव साहेब," तारामती म्हणाली. आणखी काही विचारणार तोवर फोन बंद झाला होता.

"काय म्हणला अम्मा?"

"परवा येऊन राहिलेत."

नागम्मानं फोन पोत्यावर ठेवला. दोघींनी पुन्हा घमेली उचलली. कालवलेला माल वाळायच्या आत साच्यात गेला पाहिजे, मग कुणाचाही फोन येवो. माल दाबून बसवणारं विजेचं टेबल थरथरायला लागलं तसे दोघींचे दातही थरथरले. साच्यातल्या मालातून बारीक बुडबुडे वर आले आणि फुटले.

मे महिना होता. कंधारकडून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यालगत माळबोरगावची हद्द लागते, तिथं हे पत्र्याचं शेड. दहाच्या पुढं पत्र्याखाली उभं राहवत नसे. बोअर दिवसातून अर्धा तासच पाणी ओढायचा, आणि सिमेंटच्या ब्लॉकला तर पंधरा दिवस पाण्यात ठेवावं लागतं. तारामती पहाटे उठून हौद भरून घ्यायची आणि दिवसभर वर ओली पोती टाकायची. ब्लॉक तहानलेला राहिला की कच्चा राहतो, हे तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. बाकीचं ती हातानं शिकली.

नवरा रामकिशन गवंडी. चार वर्षांपूर्वी परांचीवरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून पाय आखडला तो आखडलाच. वजन उचलायचं नाही. मग तारामतीनं बचत गटातून टेबल आणि साचे घेतले. आधी नालीवरचे ढापे केले, मग अंगणात बसवायचे ब्लॉक. गिऱ्हाईक आलं की रामकिशन खुर्चीवर बसून बोलायचा. ती मागं काम करायची. लोक म्हणायचे, रामकिशनचं शेड.

सरकारी खरेदीत काही वाटा बायांच्या उद्योगांसाठी राखून ठेवतात, हे तिला कंधारच्या एका मेळाव्यात कळलं होतं. त्याला प्रमाणपत्र लागतं. धंदा बाईच्या मालकीचा आहे आणि बाईच तो चालवते, असं साहेबलोक येऊन बघतात आणि लिहून देतात. तालुक्यातल्या शाळांची अंगणं यंदा ब्लॉकनं बसवायची होती. कागद मिळाला तर त्या कामाचं टेंडर भरता येणार होतं. नाही मिळाला तर पावसाळा सुरू होताच टेबल बंद, आणि नागम्मा देगलूरच्या पलीकडं आपल्या गावी परत.

संध्याकाळी भाया आले. रामलिंग, रामकिशनचे थोरले भाऊ. रस्त्यापलीकडं त्यांचं घर. ते बाजेवर बसले तशी तारामती पदर डोक्यावर ओढून दाराच्या आत सरकली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांत ती भायाशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. बोलायचं झालं तर नवऱ्याला सांगायचं, नवऱ्यानं त्यांना सांगायचं, मग ते चार हातांवर बसलेले का असेनात.

"गुरुवारी म्हणं तपासणी," रामलिंग म्हणाले.

"हाव. अकराला," रामकिशन म्हणाला.

"मी थांबतो. सरकारी माणसाशी कसं बोलायचं ते मला मालूम हाय. जागेचा कागद मागतील. प्लॉट तुझ्या भावजयीच्या नावावर हाय. बाईच्या नावावर घेतला की सरकारी फी कमी बसती म्हून घेतला तसा. तिची सही मी घेतो, भाडेपट्टा करून देतो." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "पण ह्याच्यावर तारामतीची सही लागंल."

रामकिशननं कागद उलगडला. डोळ्यांजवळ धरून वाचला आणि पुन्हा घडी घातली.

"मुखत्यारपत्र हाय," तो आत बघून म्हणाला. "कामाचे सगळे कागद, बिलं, सह्या दादा करतील म्हून."

तारामती सातवी शिकली होती. मुखत्यार म्हणजे काय हे तिला कळत होतं.

"त्यांना म्हणावं, तपासणी होऊ द्या," ती आतून नवऱ्याला म्हणाली.

"तपासणीच्या आधी केलं तर बरं," रामलिंग भिंतीकडं बघत म्हणाले. "मी काय परका हाय? नांदेडला खेटे कोण मारंल? तू लंगडा, ती बाईमाणूस."

रामकिशननं पाय लांब केला आणि खुब्यावर हात चोळला.

"तपासणी होऊ द्या म्हणावं," तारामती पुन्हा म्हणाली.

रामलिंगनी कागद खिशात ठेवला. चहा न घेताच ते गेले.

गुरुवारी अकराची गाडी साडेबाराला आली. तोवर तारामतीनं दोनदा तोंड धुतलं होतं. अंगावर लग्नकार्यातली साडी होती, ती घामानं पाठीला चिकटली. रामलिंगनी चार खुर्च्या मांडल्या, सरबत करवून आणलं, शाल आणि नारळही आणले. पांढऱ्या गाडीतून एक मॅडम उतरल्या आणि मागून फाईल घेतलेला कारकून. मॅडमचं नाव प्रियदर्शनी, असं कारकुनानं सांगितलं. चाळिशीच्या आतल्या, नांदेडच्या. त्यांनी शालीकडं बघितलंसुद्धा नाही.

"अर्जदार कोण?"

"ही आमच्या रामकिशनची बायको," रामलिंग म्हणाले. "बसा मॅडम. सरबत घ्या."

"तारामतीबाई, सिमेंटच्या एका पोत्याला कच किती घालता?"

"मॅडम, माल एकदम पक्का असतो आमचा," रामलिंग म्हणाले. "कंधारच्या दवाखान्यासमोर आपलेच ढापे..."

"मी बाईंना विचारतेय."

तारामतीनं ओठ उघडले. भाया तिच्या उजव्या हाताला होते, इतके जवळ की त्यांच्या सदऱ्याचा साबणाचा वास येत होता. पदर तिनं पुढं ओढला तो नाकापर्यंत आला. दगडाची ती बारीक भुकटी ती रोज मोजायची, उत्तर तिच्या जिभेवर होतं. चार घमेली. दोनच शब्द. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. नखाच्या कडेला सिमेंट होतं, ते घासूनही निघालं नव्हतं.

"चार," रामकिशन खुर्चीवरून म्हणाला. "चार घमेली कच, सहा बारीक खडी."

"तुम्ही कोण?"

"मालक... म्हणजे हिचा नवरा."

कारकून हसला आणि त्यानं फाईलमध्ये काहीतरी टिपलं.

मॅडमनी आणखी तीन प्रश्न विचारले. बँकेत कोण जातं? मजुरांना कामावर कोण ठेवतं? गिऱ्हाईकाशी भाव कोण ठरवतं? दर वेळी तारामतीनं पदर आणखी पुढं ओढला आणि दर वेळी दोघांपैकी एका पुरुषानं उत्तर दिलं. नागम्मा पाण्याच्या हौदाजवळ उभी होती. तिला राहवलं नाही.

"अय्यो, बोल ना अम्मा! तूच तर करतेस सगळं!"

"मजूर आहे का ही?" मॅडमनी विचारलं.

"हाव, तिला काय समजतंय," रामलिंग म्हणाले.

जागेचा कागद मागितला तेव्हा ते म्हणाले, जागा घरातलीच आहे, कागद काय, उद्या देतो. मॅडमनी सही केली, कारकुनानं फाईल बांधली. गाडी वळून नांदेडच्या रस्त्याला लागली. भरलेले सरबताचे पेले तसेच होते, त्यावर मुंग्या चढायला लागल्या.

"झालं की मस्त," रामलिंग म्हणाले.

तारामतीनं साडी खोचली आणि हौदावरची वाळलेली पोती पुन्हा भिजवायला गेली. बादली तिच्याच पायावर सांडली.

आठव्या दिवशी फोनवर कागद आला. रामकिशननं तो दोनदा वाचला. 'उद्योगाचा प्रत्यक्ष ताबा महिलेकडे असल्याचे दिसून आले नाही. जागेचा पुरावा नाही. अर्ज नामंजूर.' खाली लिहिलं होतं की पंधरा दिवसांत फेरतपासणी मागता येईल.

"प्रत्यक्ष ताबा," तारामती म्हणाली. तिनं दोन्ही तळहात उघडून बघितले. बोटांची पेरं फुटली होती, भेगांत पांढरं बसलं होतं. "तुम्ही तरी कामून बोललात?"

"तू गप उभी. मी काय करू? मॅडम बघून राहिल्या माझ्याकडं."

"बघू द्यायचं व्हतं."

"दादा व्हते म्हून तू बोलली न्हाईस. मग माझ्यावर कामून चिडतीस? दादाला सांगायचं व्हतं जावा म्हून."

"मी सांगू? तुमचे भाऊ हायेत. तुम्ही सांगितलं?"

रामकिशन उठला. काठी भिंतीला होती, ती न घेताच दोन पावलं गेला आणि चौकट धरून थांबला. खुबा दुखला की त्याच्या कपाळावर घाम यायचा, तसा आला. तारामतीनं काठी नेऊन दिली. त्यानं ती घेतली, पण तिच्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी रामलिंग आले. या वेळी बसलेही नाहीत.

"तिला जमत न्हाई तर नगं. मी तुझ्या भावजयीच्या नावानं अर्ज टाकतो. जागा तिचीच हाय, कागदाची कटकट न्हाई. तुम्ही दोघं हितंच काम करा. मजुरी देतो. टेबलाचे बी पैसे देतो. महिनाअखेरीपस्तोर विचार करा, न्हाईतर शेड मोकळं करा."

ते गेले. नागम्मा साचे धूत होती. तिनं साचा आपटला, सुकलेल्या मालाचे तुकडे उडाले.

"मी मजूर हाय," ती म्हणाली. "तू बी मजूर होणार का अम्मा?"

तारामती सकाळच्या गाडीनं नांदेडला गेली. एकटी. रामकिशन येतो म्हणाला, ती नको म्हणाली. पिशवीत एक ब्लॉक घेतला होता, पाच किलोचा. कापडी पिशवीचा बंद बोटांत रुतला. ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर ती अकरापासून तीनपर्यंत बसली. कारकुनानं तिला ओळखलं नाही. ओळखल्यावर म्हणाला, "नवऱ्याला पाठवायचं ना."

मॅडमनी आत बोलावलं तेव्हा तिनं ब्लॉक काढून टेबलावर ठेवला. कागद सरकले.

"हे काय?"

"माझा ब्लॉक हाय. एका पोत्याला चार घमेली कच, सहा खडी, वीस लिटर पाणी. उन्हाळ्यात थोडं कमी-जास्त. पंचेचाळीस निघतात. दुसऱ्या दिशी साच्यातून काढते. पंधरा दिस पाण्यात. नागम्माला मी ठेवली. बँकेत मी जाते, कंधारला, सोमवारी."

ती थांबली. इतकं सलग ती ऑफिसातल्या माणसासमोर कधीच बोलली नव्हती.

प्रियदर्शनी मॅडमनी चष्मा काढला. "मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"भाया व्हते."

"म्हणजे?"

"थोरले भाऊजी. त्यांच्यासमोर आम्ही बोलत न्हाई."

"अजिबात?"

"एकोणीस वर्षं झाले."

मॅडमना ते पटलं नाही की समजलं नाही, हे तारामतीला कळेना.

"बाई, एक सांगते. गेल्या वर्षभरात मी किती बायका बघितल्या ज्यांचं फक्त नाव होतं. मागं नवरा, दीर, सासरा. खऱ्या बाईचा वाटा ते खातात. तुम्ही गप्प राहिलात तर मला फरक कसा कळणार? उद्या काम मिळालं की इंजिनियर येईल, ठेकेदार येतील. तेही सगळे भायाच्या वयाचे असतील. तेव्हा काय करणार?"

तारामती ब्लॉकची कड अंगठ्यानं घासत राहिली.

"फेरतपासणी लावते. तारीख सांगणार नाही. आणि तुमचे भाया तिथं असले तर मी त्यांना हाकलू शकत नाही. बोलायचं ते तुम्हीच."

परत येताना ब्लॉक पिशवीत नव्हता, मॅडमनी ठेवून घेतला होता. तरी तिला हात जडच वाटत होता.

मग वाट बघणं सुरू झालं. रस्त्यावरून पांढरी गाडी गेली की तारामतीच्या हातातलं घमेलं थांबायचं. ट्रॅक्टर, टमटम, लग्नाच्या जीपा. जेवण जाईना. महिनाअखेरीला सहा दिवस राहिले, मग पाच. दोनदा तिनं पाणी जास्त घातलं आणि माल पातळ झाला. नागम्मा न बोलता त्यात सिमेंट टाकून घट्ट करायची.

एका दुपारी सगळीकडं सामसूम असताना साखराबाई आल्या. तारामतीची थोरली जाऊ, रामलिंगची बायको. जाडजूड, पांढऱ्या केसांची, कधी शेताच्या बांधापलीकडं न गेलेली. त्या शेडच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"कोण हाय का?"

"कुणी न्हाई अक्का. हे झोपलेत घरी. या."

"तारा, मला शिकीव."

"काय?"

"हेच. किती घमेली, किती पाणी." साखराबाईंचा चेहरा घाबरलेला होता. "माझ्या नावानं अर्ज टाकला त्यांनी. मॅडम इचारतील म्हणले. पाठ करून ठेव म्हणले. न्हाई सांगता आलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

तारामतीच्या डोक्यात रक्त चढलं. तोंडावर आलं होतं, माझंच घ्यायला माझ्याकडूनच शिकायला आलात? पण साखराबाईंच्या हाताकडं तिचं लक्ष गेलं. त्या खांबाचा गंज नखानं खरवडत होत्या, लहान पोरीसारख्या.

"पाठ करून येत न्हाई अक्का," ती म्हणाली. "धरा हे."

तिनं कचेचं घमेलं त्यांच्या हातात दिलं. साखराबाई वाकल्या, धापा टाकू लागल्या, पण ओतलं. एक. दोन. तिसऱ्याला त्यांनी कंबर धरली. नागम्मा तोंडाला पदर लावून हसली. चार झाली. मग खडी. तारामती सांगत गेली. कच मुठीत धरून दाबायची, माती असली तर हाताला चिकटते. पाणी एकदम नाही, थोडं थोडं. ब्लॉक तयार झाला की दुसऱ्या ब्लॉकवर वाजवायचा. खणखण वाजला तर पक्का. भदभद वाजला तर बाजूला.

तासाभरानं साखराबाईंची बोटं चुरचुरायला लागली. त्या हौदात हात बुडवून बसल्या.

"रोज असंच आग व्हती?"

"सवय व्हते."

"तुला भ्या वाटत न्हाई मॅडमचं?"

"वाटतंय की. मॅडमचं न्हाई. भाऊजींचं."

साखराबाई पाण्यातल्या हातांकडं बघत राहिल्या. "मला बी," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं झाले. कागद ठिवतात म्होरं, मी सही करते. काय लिवलंय, काई मालूम न्हाई." मग हात पुसून त्या घाईनं निघून गेल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी साडेनऊला, टेबल चालू असताना पांढरी गाडी थेट शेडपुढं येऊन थांबली. तारामतीच्या अंगावर रोजचं लुगडं होतं, केसांत धूळ. मॅडम आणि तोच कारकून. रामकिशन खुर्चीवर होता. तो उठायला गेला, मग परत बसला. त्यानं काठी दोन्ही हातांनी धरली आणि तोंड रस्त्याकडं केलं.

"टेबल बंद करू नका," मॅडम म्हणाल्या. "काम चालू ठेवा. मी विचारते."

तारामती बोलायला लागली. पहिले दोन शब्द घोगरे आले, टेबलाच्या आवाजात बुडाले. तिनं पुन्हा सांगितलं. आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडून चपला वाजल्या. रामलिंग लगबगीनं येत होते, मागं साखराबाई.

"नमस्कार मॅडम! कळवायचं तरी. बरं झालं आलात, ही आमची घरची. हिचा बी अर्ज हाय. दोन्ही तपासण्या एकदमच उरकून घ्या."

ते येऊन बरोबर तारामतीच्या शेजारी उभे राहिले. तिचा हात आपोआप पदराकडं गेला. हात मालानं भरलेला होता, पदराला सिमेंट लागलं.

"तारामतीबाई, हे दोन ब्लॉक. कुठला नापास?" मॅडमनी विचारलं.

"सांगतो ना मी," रामलिंग म्हणाले. "ह्यात काय..."

तारामतीनं टेबलाचं बटण बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. पत्रा उन्हानं कडकड वाजला.

"भाऊजी," ती म्हणाली.

रामकिशनच्या हातातली काठी खाली पडली.

"भाऊजी, मॅडम मला इचारून राहिल्यात. तुम्ही जरा तिकडं बसा."

आवाज तिचा तिलाच परका वाटला. रामलिंगनी तिच्याकडं बघितलं, मग भावाकडं. रामकिशन रस्त्याकडंच तोंड करून बसला होता. त्याची मान लाल झाली होती, पण तो वळला नाही. रामलिंग दोन पावलं मागं सरले.

तारामतीनं दोन्ही ब्लॉक उचलून तिसऱ्यावर वाजवले. "हा. ह्याला पाणी कमी पडलंय. विकायचा न्हाई, घरी पायरीला वापरू." मग ती थांबलीच नाही. कुठली खडी कुठून येते, नागम्माला हजेरी काय, गेल्या पावसाळ्यात कुणाचे ढापे चिरले आणि बदलून दिले. बोलताना ती एकदाही भायाकडं वळली नाही. पण पदर डोक्यावरून खाली आला होता आणि तो तिनं वर घेतला नाही.

मॅडम लिहीत होत्या. "जागेचा कागद?"

"कागद कशाचा?" रामलिंग पुढं आले. त्यांचा आवाज चढला होता. "जागा आमची हाय. आम्ही देत न्हाई. महिनाअखेरीला शेड मोकळं करून राहिले हे. ह्या शेडचा अर्ज माझ्या बायकोच्या नावानं हाय. इचारा तिला. इचारा!"

मॅडम साखराबाईंकडं वळल्या. "एका पोत्याला कच किती?"

"चार घमेली," साखराबाई म्हणाल्या.

रामलिंगच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"खडी?"

"सहा."

"कुणी शिकवलं?"

साखराबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. "हिनं," त्या म्हणाल्या. "चार दिस झाले. मी दोनच पोती कालवली. त्याच्या आधी कधी हात न्हाई लावला."

"अगं..." रामलिंग म्हणाले.

"मग टेबल, साचे, हा धंदा कुणाचा?"

"हिचाच की. आणि कुणाचा?"

"आणि तुमचं काय आहे इथं?"

"जागा," साखराबाई म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी विचारलं, "माझीच हाय ना? कागदावर?"

कारकुनानं फाईल चाळली. रामलिंगनी दुसऱ्या अर्जाला स्वतःच जोडलेला जागेचा उतारा त्यात होता. "साखराबाई रामलिंग. हो, यांच्याच नावावर आहे."

"मग भाड्यानं द्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाची सही चालत नाही."

साखराबाईंनी शेडकडं बघितलं, हौदाकडं, ओल्या पोत्यांकडं, जणू पहिल्यांदाच बघत होत्या. रामलिंग दात आवळून म्हणाले, "घरी चल." त्या ऐकत होत्या की नाही कळेना. मग त्या तारामतीकडं वळल्या.

"भाडं किती देशील?"

तारामतीला वाटलं होतं, जाऊ एकतर नाही म्हणेल किंवा असंच देऊन टाकेल.

"तुम्ही सांगा अक्का."

"मला काय मालूम. रस्त्याची जागा हाय. कमी न्हाई घेणार."

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. रामलिंग वळले. मोटारसायकल रस्त्याकडेला होती, ती चालू केली आणि मागं न बघता कंधारकडं निघून गेले. धूळ खाली बसेपर्यंत सगळे तिकडंच बघत होते.

भाडं ठरलं, कारकुनानं फाईलमधला कोरा नमुना भरला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून साखराबाईंनी भाडेपट्ट्यावर सही केली. कारकुनाला त्यांनी कागद आधी पूर्ण वाचून दाखवायला लावला. एका ठिकाणी थांबवून म्हणाल्या, "हे पुन्हा वाचा." सही करताना अंगठा आणि बोट पांढरं पडलं होतं, इतका त्यांनी पेन दाबला होता.

गाडी गेल्यावर तारामती म्हणाली, "अक्का, आता घरी कशा जाताल? भाऊजी आल्यावर..."

साखराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "घरकुल बी माझ्याच नावावर हाय म्हणं," त्या म्हणाल्या. त्यांनाच त्याचं नवल वाटल्यासारखं दिसलं. मग रस्ता ओलांडून त्या गेल्या. दार उघडलं, लागलं. त्या दिवशी तारामतीनं काम करता करता दहा वेळा त्या दाराकडं बघितलं. संध्याकाळी मोटारसायकल आली. आरडाओरड ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साखराबाई अंगणात धुणं वाळत घालताना दिसल्या, तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

प्रमाणपत्र नवव्या दिवशी आलं. रामकिशननं ते मोठ्यानं वाचलं आणि तारामतीच्या नावापाशी आल्यावर घसा खाकरला. शाळांचं सगळं काम मिळालं नाही, चार शाळांचं मिळालं. नागम्मा गावी गेली नाही. रामलिंग शेडकडं फिरकत नव्हते. भावाशी वैरणीचं आणि पेरणीचं तेवढं बोलायचे. तारामतीला बघितलं की मान खाली घालून जायचे, आणि तिला त्याचंही वाईट वाटायचं.

महिना भरला तशी तारामती भाडं द्यायला गेली, तर साखराबाई म्हणाल्या, "घरात नगं. मला बँकेत खातं काढून दे."

सोमवारी दोघी कंधारला गेल्या. खिडकीमागं तरुण पोरगी होती. तिनं फॉर्मवर नाव लिहिलं, गाव लिहिलं, फोटो चिकटवला.

"आजी, तुम्ही काय करता? गृहिणीच ना? लिहू?"

साखराबाईंनी तारामतीकडं बघितलं. पोरगीनंही तारामतीकडंच बघितलं, हिनं सांगावं म्हणून. मागं रांग होती, कुणीतरी खोकलं. तारामतीच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते आवळून धरलं आणि नजर दुसरीकडं केली.

पोरगीनं पेन कागदाला टेकवलं.

"थांब माय," साखराबाई म्हणाल्या. "सांगते."